कुंकू तपकिरी का दिसतं?



दिवाळीत पुण्याहून आलेल्या नातवाने माझा स्टिरिओ व्ह्यूअर 'सुधारून' दिला, आणि तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. घरातल्या घरात मिटला असता, पण दोघा ब्लॉगर मित्रांनीही त्याचीच बाजू उचलली. म्हणून हे जाहीर उत्तर!

व्ह्यूमास्टर ज्यांनी पाहिलाय त्यांना वस्तू कळेल. माझ्या थोरल्या भावाने (आता तो नाही) १९८० च्या सुमारास स्लाईडवर जोडचित्रं काढली होती. एक फोटो काढायचा, कॅमेरा अडीच इंच बाजूला सरकवायचा, दुसरा काढायचा. प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दाखवलं की खोली दिसते. आमच्या भालचंद्राचं देऊळ, बीडचा कंकालेश्वर, आणि उंबऱ्यावर बसलेली आई. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. कागदावरच्या फोटोत आई नुसती दिसते, यात ती समोर बसलेली असते.

पूर्वी आत टॉर्चचे दोन बल्ब होते. अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअर, दोघांचे मिळून दीड वॅट. त्यातला बहुतेक भाग उष्णतेत जायचा, सेल उतरले की उजेड पिवळा पडायचा. ते बदलले याचं मला दुःख नाही. जुनं तेवढं सोनं म्हणणारा मी नव्हे!

नातवाने 'वॅटमागे सर्वांत जास्त ल्यूमेन' देणारा एलईडी निवडला. उजेड लख्ख. पण आईचं कुंकू तपकिरी झालं. "आजोबा, स्लाईड जुनी झाली." अरे, तीच स्लाईड खिडकीतल्या उजेडाला धरली तर कुंकू लाल दिसतं ना!

गोम ल्यूमेनमध्ये आहे. आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत तेज दिसतो, म्हणून ल्यूमेन मोजताना हिरव्याला भरपूर मार्क आणि गडद लालला जेमतेम. चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी. एका विषयाला नव्वद मार्क आणि दुसऱ्याला दहा ठेवले, तर पोरं दुसरा विषय सोडूनच देतात. एलईडीही तेच करतो. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला, लालमध्ये हात आखडला, की ल्यूमेनमध्ये पहिला नंबर!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: स्लाईड पाहण्यासाठीचा काटकसरी उजेड म्हणजे कमीत कमी विजेत चित्राचे खरे रंग दाखवणारा उजेड. सीआरआय नव्वदच्या वरचा घ्या. त्या सरासरीतही गडद लाल धरत नाहीत, म्हणून 'आर-नाईन' हा आकडा वेगळा विचारा. ल्यूमेन थोडे कमी मिळतील, मिळू द्या. भिंगाला डोळा लावून पाहायचं आहे, शेताला पाणी द्यायला रात्री बाहेर नाही पडायचं.

वीज वाचवायची तर ती दुसरीकडे वाचते. एलईडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर दुधी अॅक्रिलिक बसवा, आतून डबी पांढरी रंगवा. वाया जाणारा उजेड परत चित्रावर येतो, मध्येच ठिपका पडत नाही. दोन्ही एलईडी एकाच लॉटमधले घ्या. एक डोळा उजळ आणि दुसरा मंद असला की डोळे शिणतात. तीन सेलचे साडेचार व्होल्ट, एलईडीला लागतात तीनच्या आसपास, उरलेल्या दीडसाठी प्रत्येकाला १५० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येकी दहा मिलिअँपिअर. दोन हजार मिलिअँपिअर-तासाच्या सेलवर हिशेबाने शंभर तास! बल्बांनी तीन-चार तासांत हेच सेल संपवले असते.

मी स्वतः डाग देऊन तसं करून घेतलं. काल पाहिलं. कुंकू लाल आहे.

असो. नातवाला आईने कधी मांडीवर घेतलं नाही, तो जन्मायच्या आधीच ती गेली. त्याला पणजी दिसेल ती याच डबीत. मग तिच्या कपाळाचा रंग तरी खरा नको का?