चार वर्षांचे मूल आणि ‘अभिजात’ शिक्षण

‘अभिजात’ या शब्दाला आपल्याकडे सध्या बरे दिवस आले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तोवर साहित्याच्या वर्गापुरता असलेला हा शब्द सभा-संमेलनांच्या फलकांवर जाऊन बसला. शब्दाचे असे भाग्य उजळले की त्याचा अर्थ पुसट होऊ लागतो. अमेरिकेत ‘क्लासिकल’ या शब्दाचे हेच झाले आहे, आणि तेही बालशिक्षणाच्या क्षेत्रात. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे तिथे लाखांनी मोजावी लागतात. २०२० च्या वसंत ऋतूत शाळकरी वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी ५.४ टक्के कुटुंबे घरी शिकवत होती. महासाथीमुळे त्याच वर्षीच्या शरदात हे प्रमाण ११.१ टक्क्यांवर गेले, असे तिथल्या जनगणना विभागाची पाहणी सांगते. यांतला एक मोठा प्रवाह स्वतःला ‘अभिजात गृहशिक्षण’ म्हणवतो. त्याची गावोगावी मंडळे आहेत, आणि आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अशा मंडळात जावे की न जावे, हा प्रश्न तिथल्या अनेक पालकांपुढे असतो. माझ्या मते जाऊ नये. याचे कारण साहित्याच्या अभ्यासकांना जवळचे वाटावे असे आहे: ज्याला इथे अभिजात म्हटले जाते, ते अभिजात नाही.

आधी या कल्पनेची वंशावळ पाहू. १९४७ साली डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डमध्ये ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ हा निबंध वाचला. सेयर्स म्हणजे लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराच्या जनक आणि दान्तेच्या अनुवादक. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातली ‘ट्रिव्हियम’ नावाची विषयत्रयी. सेयर्स यांनी ती मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांवर बसवून दाखवली. पहिला टप्पा पोपटपंचीचा, दुसरा उलट उत्तरे देण्याचा, तिसरा काव्यात्म. अमेरिकेत डग्लस विल्सन यांनी १९९१ मध्ये एका पुस्तकाद्वारे या निबंधाला नवे आयुष्य दिले. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउअर या मायलेकींचे ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ आले. त्याआधी, १९९७ मध्ये, ली बॉर्टिन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनात ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ सुरू केले. आज ‘मंडळ’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच येते. चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्यांचा पायाभूत अभ्यासक्रम आहे. आठवड्यातून एक दिवस एकत्र जमायचे, शिकवणारे पालकच, उरलेले दिवस घरी उजळणी. वर्षाला २४ आठवडे, आणि तीन वर्षांचे चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचे. दर आठवड्याला इतिहासाचे एक वाक्य, विज्ञानाचे एक उत्तर, इंग्रजी व्याकरणाचा एक तुकडा, लॅटिनची काही रूपे, भूगोलातली काही ठिकाणे, अंकांची एक माळ. शिवाय जगाच्या इतिहासातल्या १६१ घटनांची कालरेषा. हे सगळे चालींवर म्हणून पाठ करायचे. ख्रिस्ती श्रद्धा या योजनेच्या केंद्रस्थानी आहे आणि ती उघडपणे सांगितली जाते. तो प्रामाणिकपणाच आहे, पण निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने तो डोळ्यांआड करू नये.

समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा: लहान मुलांना पाठांतर सोपे जाते आणि आवडते, अर्थ नंतर कळेल, आज खुंट्या ठोकून ठेवल्या की उद्या त्यांवर ज्ञान टांगता येते. यातले पहिले विधान मला मान्य आहे. पाठांतराच्या नावाने नाके मुरडणाऱ्या आधुनिक शिक्षणतज्ज्ञांचा मी वकील नव्हे. मुलांची स्मरणशक्ती अफाट असते आणि तालासुरात म्हणण्यात त्यांना आनंद होतो. माझा वाद पाठ काय करायचे याविषयी आहे.

स्वतः सेयर्स काय म्हणतात ते पाहावे. बालमानसशास्त्राविषयीची आपली मते प्रचलित नाहीत आणि प्रगतही नाहीत, असे त्या मिस्किलपणे कबूल करतात. तीन टप्प्यांचा आधार म्हणून त्या पुढे करतात ते एकच मूल, म्हणजे त्या स्वतः. एका विदुषीच्या आत्मनिरीक्षणातून निघालेली ही चमकदार कल्पना पुढे सिद्धान्त होऊन बसली. ते एक वेळ सोडून देऊ. पण सेयर्स यांच्या कल्पित शाळेत येणाऱ्या मुलाला वाचन, लेखन आणि हिशेब आधीच येत असले पाहिजेत. चार वर्षांचे मूल त्या शाळेच्या दारातही उभे नाही. आणि पोपटपंचीच्या वयात पाठ काय करायचे? इतिहासाच्या तारखा त्यांच्याही यादीत आहेत. परंतु त्याबरोबर पद्य आणि गद्य उतारे मुखोद्गत व्हावेत, पुराणकथा-दंतकथांनी मुलाचे मन भरून जावे, असे त्यांनी मागितले आहे. मंडळांनी तारखा उचलल्या आणि साहित्य मागे सारले. ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’मध्ये निदान वाचनाला भरघोस जागा आहे, साप्ताहिक मंडळाच्या घाईत ती आक्रसते.

हा दोष किरकोळ नाही, कारण मूळ ‘व्याकरण’ या संज्ञेलाच तो धक्का देतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये क्विंटिलियनने वक्त्याच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. त्यात व्याकरणविद्येची दोन अंगे सांगितली आहेत: शुद्ध बोलण्याचे शास्त्र आणि कवींचे विवरण. म्हणजे अभिजात परंपरेत व्याकरण शिकणे हे कविता वाचण्यापासून वेगळे नव्हतेच. होमर आणि व्हर्जिल हीच व्याकरणाची शाळा. आता चार वर्षांचे मूल लॅटिन नामांचे प्रत्यय घडाघडा म्हणते. त्या भाषेतली एकही गोष्ट त्याच्या कानावर पडलेली नसते. आपल्याकडे आठवीत शब्दरूपावली घोकणाऱ्या विद्यार्थ्याला काही दिवसांत सुभाषित तरी भेटते. या मुलाला भेट होते ती पुढच्या विभक्तीची.

क्विंटिलियन आणखी दोन गोष्टी सांगतो. शिक्षण लवकर सुरू करावे, असे त्याचे मत आहे, हे समर्थकांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण ते खेळासारखे असावे आणि ज्या विद्येवर प्रेम करण्याचे वय अजून आलेले नाही तिचा मुलाला तिटकारा बसू नये, याची काळजी घ्यायला तो बजावतो. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. मुलाला घरी शिकवावे की शाळेत पाठवावे, हा प्रश्न त्याने पहिल्याच भागात चर्चेला घेतला आहे आणि कौल शाळेच्या बाजूने दिला आहे. ज्याला पुढे चारचौघांत वावरायचे आहे त्याने लहानपणापासून चारचौघांत राहावे, हा त्याचा विचार. गृहशिक्षणाची इतर कारणे कोणाची काहीही असोत, त्यावर क्विंटिलियनच्या परंपरेचा शिक्का मारता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मध्ययुगातली लहान मुले अर्थ न कळता लॅटिन स्तोत्रे पाठ करतच होती. करत होती. पण ती स्तोत्रे अखंड कविता होत्या आणि रोजच्या प्रार्थनेत त्या गायल्या जात. पाठ केलेल्या शब्दाला राहायला घर होते.

इथे मराठी वाचकाच्या मनात येईल, की हे तर आपल्याच पाठशाळांसारखे झाले. परदेशातल्या मराठी कुटुंबाला ही योजना ओळखीची वाटावी ती याचमुळे. म्हणून हा मुद्दा नीट तपासला पाहिजे. पद, क्रम, जटा, घन असे वेदपठणाचे प्रकार संहिता अक्षरशः जशीच्या तशी टिकावी यासाठी रचलेले आहेत. मुलाची समज वाढवणे हे त्यांचे प्रयोजन नव्हे. त्या परंपरेतही यास्काने निरुक्तात, वेद मुखोद्गत करून अर्थ न जाणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. पावकी, निमकी, पाऊणकी मुलांकडून घोकून घेतली जात, कारण आणे-पैच्या बाजारात त्यांच्यावाचून अडत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पावकी-निमकीची सद्दी संपली. प्रयोजन गेले, पाठांतरही गेले. आणि हरिपाठ? अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्यालाही तो तोंडपाठ असतो. पण तो रोज म्हटला जातो, टाळांच्या साथीने म्हटला जातो, आणि कीर्तनात त्याच अभंगांचे निरूपण होते. आपल्या परंपरेत टिकलेल्या पाठांतराला कुठे प्रयोजन होते, कुठे रस होता. इतिहासाच्या सुट्या वाक्याजवळ चार वर्षांच्या मुलासाठी यांतले काय आहे?

शिवाय आपल्या पाठशाळांचे गोडवे गाताना त्यांची दारे कोणासाठी बंद होती, हेही विसरून चालणार नाही. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सर्वांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती या बंद दारांमुळे. आपल्या मुलापुरते निवडक शिक्षण निवडण्याचा हक्क अमेरिकेतला कायदा देतो. पण त्या निवडीला ‘परंपरा’ म्हणून मिरवताना त्या परंपरेची ही बाजूही पत्करावी लागते.

असो. आता प्रतिपक्षाची खरी ताकद कुठे आहे ते मान्य करतो. पालक अशा मंडळात जातात ते बहुधा क्विंटिलियनसाठी जात नाहीत. घरात दिवसभर मुलाबरोबर असलेला पालक, बहुधा आई, एकटी पडते. परदेशात, नातलगांपासून दूर असेल तर अधिकच. आठवड्यातून एक दिवस समदुःखी माणसे भेटतात, कोणीतरी आखून दिलेला अभ्यास हाती येतो आणि ‘आपण मुलाचे नुकसान तर करत नाही ना’ ही धाकधूक कमी होते. ही गरज खरी आहे आणि तिची थट्टा करणारा माणूस निष्ठुर म्हणावा लागेल. माझे म्हणणे एवढेच, की आईला सोबत हवी म्हणून मुलाने लॅटिनच्या विभक्ती चालवाव्यात, असा सौदा करण्याची गरज नाही. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या गोष्टींच्या तासाला, बागेत, दोन-चार कुटुंबांच्या साध्या बैठकीतही सोबत मिळते. आणि घाई तर कसलीच नाही. खुद्द नॉर्थ कॅरोलायनात सक्तीच्या शिक्षणाचे वय सातव्या वर्षी सुरू होते.

तोवर मुलाला गोष्टी सांगाव्यात, अखंड आणि पुन्हा पुन्हा; कविता म्हणून दाखवाव्यात; ज्या भाषेत आई-बाबा रागावतात आणि लाड करतात त्या भाषेतल्या आधी. पाठ होणे आपोआप घडते. रोज ऐकलेल्या गोष्टीत आपण एक शब्द बदलला तर मूल लगेच हटकते, हे कोणत्याही पालकाला ठाऊक आहे. अभिजात परंपरेतले व्याकरण इथूनच सुरू होते. पुढे आठव्या-नवव्या वर्षी, वाचता येऊ लागल्यावर, मंडळाचा विचार पुन्हा खुशाल करावा.

तरीही ज्यांना आताच जायचे आहे त्यांनी मंडळाच्या पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारावा: वर्षअखेर माझ्या मुलाला कोणत्या कविता आणि कोणत्या गोष्टी अथपासून इतिपर्यंत येत असतील? उत्तरादाखल नावे मिळाली तर बसावे. नुसते आकडे मिळाले तर मुलाचा हात धरून घरी यावे.