भाडे आकाराचे, भरपाई वजनाची

आमच्या पिंप्राळ्यातल्या गल्लीत दिवाळीच्या सुट्टीत एक गिटार आली. आली म्हणजे खोके आले. गिटार त्यात होती, पण तिचे डोके मानेपासून तुटून तारांना लटकत होते. शेजारच्या मुलाने वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेल्या साडेसात हजारांत ती मुंबईहून मागवली होती. खोक्यावर फुटक्या पेल्याचे चित्र होते, ‘नाजूक वस्तू’ असे लाल अक्षरांत छापलेले होते आणि एका कोपऱ्याला टोला बसल्याचा चांगला खळगा होता. मुलाचे वडील म्हणाले, “भाऊ, एवढ्या पैशात शेळी आली असती, आणि ती आपल्या पायांनी चालत घरी आली असती.” मुलगा काही बोलला नाही. सुटलेली तार बोटाला गुंडाळत बसून राहिला.

मला हसू आले नाही, कारण २०१२ साली मी याच दुःखातून गेलो आहे. मुलगी गाणे शिकत होती, आणि तिच्यासाठी मिरजेहून तंबोरा मागवला होता. किंमत चौदा हजार. मालवाहतूकवाल्याच्या कचेरीत पावती करताना खिडकीतल्या गृहस्थांनी आपुलकीने सल्ला दिला, “किंमत कमी लिहा, उगाच खर्च वाढतो.” माझ्या वतीने माल टाकायला गेलेल्या स्नेह्यांनी ‘जुने वाद्य, दोन हजार’ असे लिहिले. चौथ्या दिवशी तंबोरा जळगावला पोहोचला तेव्हा भोपळ्याला वीतभर तडा होता. भरपाई मागायला गेलो तर माझीच पावती माझ्यासमोर ठेवली गेली. दोन हजार लिहिलेत, दोन हजार घ्या. त्या माणसाशी भांडायला मला तोंड नव्हते, कारण त्या कागदावरचे खोटे आमचेच होते.

पण या निमित्ताने वाहतुकीचे नियम वाचून काढले, आणि एक गोष्ट लक्षात आली. वाद्य पाठवणाऱ्याकडून भाडे घेताना त्याचा आकार मोजला जातो आणि वाद्य फुटल्यावर भरपाई देताना त्याचे वजन किंवा भाडे मोजले जाते. वाद्याची जी खरी किंमत, ती या दोन्ही मापांत बसत नाही.

हिशेबच मांडू. बरेच कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि पाच हजारांनी भागतात. जे उत्तर येईल ते किलो. गिटारचे खोके ११५ लांब, ५० रुंद, २० उंच धरले तर उत्तर येते २३ किलो. गिटार, तिची पेटी आणि पुठ्ठा मिळून खरे वजन सहा-सात किलोंच्या पुढे जात नाही. तंबोऱ्याची लाकडी पेटी दीडशे सेंटिमीटर लांब, ५५ रुंद आणि ५० उंच असेल, तर कागदावर तिचे वजन साडेब्याऐंशी किलो भरते. काट्यावर ती वीस-बावीस किलोच दाखवील. म्हणजे गवयाचा तंबोरा नेताना आपण बहुतांशी त्याच्या भोपळ्यातल्या पोकळीचे भाडे भरतो! त्या पोकळीतच आवाज असतो हे खरे, पण ते वाहतूकवाल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता भरपाईकडे या. रेल्वेने पाठवलेल्या मालाची किंमत पाठवणाऱ्याने जाहीर केली नसेल, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे जबाबदारी वजनावर ठरते. १९९० च्या नियमांनी ती किलोमागे पन्नास रुपये ठेवली, प्रवासी सामान असेल तर शंभर. वीस किलोच्या पेटीचे झाले हजार रुपये. तंबोऱ्याच्या खुंट्याही त्यात नव्या येणार नाहीत. रस्त्याने पाठवाल तर २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. त्यांत मर्यादा भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. जास्त हवे असेल तर किंमत जाहीर करून जादा आकार भरायचा. दार उघडे आहे, पण तिथवर ग्राहकाला कोणी नेत नाही. उलट, माझ्या बाबतीत झाले तसे, खिडकीतूनच कमी लिहिण्याचा सल्ला मिळतो.

हे केवळ पिंप्राळ्याचे रडगाणे नव्हे. मार्च २००८ मध्ये डेव्ह कॅरोल या कॅनडातल्या गायकाची टेलर गिटार शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळताना मोडली. दुरुस्तीला बाराशे डॉलर लागले. चोवीस तासांत तक्रार केली नाही म्हणून विमान कंपनीने भरपाई नाकारली. त्याने २००९ मध्ये त्यावर गाणेच रचले आणि ते जगभर गाजले. पुढे २०१२ च्या अमेरिकन विमान वाहतूक कायद्यात, जागा असेल तर लहान वाद्य प्रवाशाला आपल्याबरोबर केबिनमध्ये नेऊ द्यावे, अशी तरतूद आली. ती त्या एका गाण्यामुळे आली असे मी म्हणणार नाही, कारण तिकडचे वादक संघटितपणे मागणी करीत होते. आपल्याकडे वादक पुष्कळ आहेत, पण अशी मागणी करताना कोणी दिसत नाही.

मिरजेची गोष्ट यासाठी महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे शिकलगार घराण्यांतले कारागीर, ज्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावीत, सतार आणि तंबोरे घडवीत आले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांचे आद्य नाव. पंढरपूर-सोलापूरकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यांचा हात यांतून तिथले वाद्य तयार होते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, आणि वाद्य दुरुस्तीत त्यांचाही हात होता असे जुने लोक सांगत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण ज्या गावात वाद्य बनते त्या गावातच ते वाजून चालत नाही. ते खानदेशात, विदर्भात, बंगालमध्ये, परदेशात सुखरूप पोहोचले तरच त्या मानांकनाला अर्थ. पाठवलेला माल फुटला की पुष्कळदा कारागीरच नवा भोपळा बसवून देतो. म्हणजे वाहतुकीचा तोटा सर्वांत गरीब खांद्यावर जातो.

पाठवणाऱ्याने काय करावे? थोडे अनुभवाचे सांगतो. गिटारच्या सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. तार चढवलेल्या स्थितीत खोके पाठीवर पडले की मान डोक्यापाशी तुटते. म्हणून तारा उतरवाव्यात, अगदी सोडून देऊ नयेत. डोक्याच्या खाली आणि मानेखाली कापडाची भक्कम उशी द्यावी. गिटार तिच्या कडक पेटीत, आणि पेटी मोठ्या खोक्यात. खोके हलवून पाहिल्यावर आत काहीही सरकता कामा नये. तंबोऱ्याच्याही तारा उतरवाव्यात, मणी काढून वेगळ्या पुडीत बांधावेत. गवसणी ही धुळीसाठी असते, धक्क्यासाठी नाही. भोपळा लाकडी पेटीत कापसाच्या गादीवर टेकावा, आणि जिथे दांडी भोपळ्याला जुळते त्या सांध्यावर भार येऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत, आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा, शक्यतो वाद्य मागवूच नये, कारण बंद पत्र्याच्या गाडीत सरस सुटतो. पोहोचलेले खोके आणणाऱ्यासमोर उघडावे, फोटो काढावेत, आणि मोडतोड असेल तर पावतीवर तसे लिहूनच सही करावी.

दुसरा तंबोरा मी स्वतः जाऊन आणला. महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेहून थेट जळगावला येते. रात्रभर तंबोरा बर्थवर आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून. नियमाप्रमाणे डब्यात नेण्याचे सामान मीटरभर लांबीच्या आत हवे, आणि तंबोरा त्यात कधीच बसत नाही. तिकीट तपासनिसांनी पाहिले, “गाणं करता का?” असे विचारले आणि पुढे गेले. त्यांच्या चांगुलपणावर तंबोरा घरी आला. पण जाण्यायेण्याचे भाडे आणि तीन दिवसांची रजा धरली, तर खर्च मालवाहतुकीच्या कितीतरी वर गेला. ज्याला रजा मिळत नाही, ज्याचा रोज बुडतो, त्याच्या मुलीने गाणे कसे शिकायचे?

हमालाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याला नगावर पैसे मिळतात, सांभाळण्यावर नाही. आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. ओढणारे अनेक असतात, पण चाकाशी मोगरी घेऊन चालणारी माणसे ठरलेली असतात, आणि रथ कुठे अडखळला तर कोणाला विचारायचे हे सर्वांना ठाऊक असते. पार्सलच्या प्रवासात असा मोगरीवाला कोणी नाही.

आणि नाजूक माल लांब पाठवणे आपल्याला जमत नाही असेही नाही. खानदेशाने केळी पाठवली आहेत. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून हिरवी केळी रेल्वेने उत्तर भारतात गेली. त्यासाठी डबे वेळेवर मिळावेत, भाडे परवडावे म्हणून केळी उत्पादक वर्षानुवर्षे भांडत आले. नुकसान त्यांचेही झाले, पण केळी हा वेगळ्या रीतीने नेण्याचा माल आहे, हे त्यांनी रेल्वेच्या गळी उतरवले. मिरजेचे कारागीर, गावोगावची संगीत विद्यालये आणि गिटार शिकणाऱ्या मुलांचे पालक एकत्र आले, तर वाद्याबाबत हेच का होऊ नये? मागणी साधी आहे. रेल्वेच्या आणि एसटीच्या पार्सलमध्ये वाद्यांचा स्वतंत्र वर्ग असावा. भाडे प्रत्यक्ष वजनावर घ्यावे. पावती करतानाच किंमत आणि जादा आकार विचारणे खिडकीवर सक्तीचे करावे. प्रवाशाबरोबरच्या वाद्याला डब्यात लांबीची सवलत द्यावी, म्हणजे ते तपासनिसाच्या मर्जीवर राहणार नाही.

शेजारच्या मुलाची गिटार आमच्या ओळखीच्या सुताराने सरस लावून, शिकंजात आवळून जोडून दिली. वाजते, पण दर दोन दिवसांनी सूर उतरतो. विकणाऱ्याने अर्धे पैसे परत केले. मुलाने आता वरचे अर्धे जमवायला घेतले आहेत, आणि या वेळी पावतीवर खरी किंमत लिहायची हे त्याला मी दोनदा बजावले आहे.