थांबणं आणि रेंगाळणं

आमच्या गल्लीतल्या सहा वर्षांच्या एका मुलीचं एका बाजूचं नाक सारखं चोंदायचं, मधूनच रक्त यायचं. सर्दी म्हणून महिनाभर औषधं झाली. शेवटी स्कॅन केला, तर नाकामागं गाठ. नाव रॅब्डोमायोसार्कोमा. स्नायू घडवणाऱ्या कोवळ्या पेशींसारख्या पेशींचा, लहान मुलांतला हा कर्करोग. डोकं आणि मान हे त्याचं नेहमीचं ठिकाण.

मुंबईला कागद वाचायला कुणीतरी हवं म्हणून मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, आधी केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी. रेडिएशन साधारण तेराव्या आठवड्याच्या सुमाराला.

घरी आल्यावर अज्जींनी मला गाठलं. "सर, याक तडा माडतार? गाठ दिसतेय तर आधी करंट द्यायला नको?" आपल्याकडं रेडिएशनला कुणी करंट म्हणतं, कुणी शेक, कुणी लाईट. प्रश्न मात्र रास्त होता; मीही तोच डॉक्टरांना विचारला होता.

उत्तर असं. हा रोग गाठीपुरता राहत नाही, सूक्ष्म पेशी रक्तातून इतरत्र गेल्या असू शकतात. केमो त्यांना पहिल्या दिवसापासून गाठते. शिवाय मूळ गाठ आकसते. नाकामागं डोळा, मेंदू, जबडा सगळं बोटाबोटाच्या अंतरावर. वाढत्या वयात तिथं किरण लागले तर चेहऱ्याची हाडं आणि दात नीट वाढत नाहीत, पुढं उंची आणि थायरॉईडवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून तयारीनं, नेमक्या जागी द्यायचे. दातांची तपासणीही आधीच उरकायची. पण गाठीमुळं दृष्टी जायची वेळ आली किंवा मज्जारज्जू दाबला गेला, तर तेरा आठवडे थांबत नाहीत, किरण लगेच देतात. उलट डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमात, बाळ वर्षाच्या आतलं असेल तर बाहेरून किरण देणं शक्यतो टाळतात. पुढं दुसरा कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणजे वेळ ठरते ती गाठीची जात, जागा आणि मुलाचं वय बघून.

रेडिएशन सुरू झालं. आठवड्यातून पाच दिवस, एकूण अठ्ठावीस वेळा, साडेपाच आठवडे. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. पोरीनं त्याला सोंग म्हणायला सुरुवात केली आणि भीती निम्मी झाली.

तिसऱ्या आठवड्यात घरात लग्न निघालं. वडिलांचा फोन आला, "सर, तीन दिवस येऊन जातो. काय बिघडतंय?" आणि मी, शिकला सवरलेला माणूस, म्हणालो, "तीन दिवसांनी काय व्हायचंय? या."

बरं झालं, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं. ते ठाम नाही म्हणाले. रोजच्या किरणांनी दुबळ्या झालेल्या कर्करोगाच्या पेशींना मधल्या सुट्टीत पुन्हा वाढायला सवड मिळते. मग तेवढ्याच डोसाचा परिणाम कमी पडतो. चुकलेला दिवस भरून काढायचा कसा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

लग्न त्यांच्याविना झालं. चार नातेवाईक रुसले. अज्जी मात्र मांडवात सगळ्यांना सांगत होत्या, "पोर औषधाला बसलीय, येणार नाही."

उपचार संपलेत. मुलगी पुन्हा शाळेत जाते, ठरल्या तारखांना तपासणीला मुंबईला जाते. तिचे आई-वडील आजही त्या तारखांवर दुसरं काही ठेवत नाहीत.

मला मात्र माझं ते "या" अजून टोचतं. डॉक्टरांनी सांगितलेलं थांबणं हा उपचाराचाच भाग असतो. लग्न, जत्रा, सुगी यांच्यासाठी आपण रेंगाळतो, तो उशीर. तुमच्या घरावर अशी वेळ आलीच, तर पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा : रेडिएशन कधी, आणि तेव्हाच का? उत्तर मराठीत समजलं नाही तर कन्नडात विचारा, पण समजून घ्या. आणि एकदा सुरू झालं की मध्ये गावी यायचं नाव काढू नका. माझ्यासारखा कुणी "या" म्हणाला, तरीसुद्धा.