शुक्रवारी रात्री गाडी काढू नका!



यंदा, म्हणजे 2026 साली, गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला येते आहे. आधी शनिवार-रविवार हाताशी. त्यामुळे मुंबई, ठाणे, पनवेल, पुण्याहून कोकणात निघणारी गर्दी शुक्रवारी, 11 तारखेच्या रात्री एकदम रस्त्यावर उतरणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कामावरून सुटायचं, घरी येऊन दोन घास खायचे, डिकीत सामान कोंबायचं, अकराच्या सुमारास नारळ फोडून गाडी काढायची, आणि "सकाळचा चहा गावात"! हा बेत घराघरांत शिजतो आहे. हे कळकळीचं आवाहन त्याच बेताबद्दल आहे: दिवसभर काम केलेल्या माणसाने त्या रात्री गाडी चालवू नये. झोपावं, आणि शनिवारी पहाटे ताजं होऊन निघावं.

हिशेब साधा आहे. शुक्रवारी सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडीत बसतो, तेव्हा त्याला जागं होऊन 17 तास झालेले असतात. झोपेवर संशोधन करणाऱ्यांनी हे तपासून पाहिलेलं आहे. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हात-पाय हलण्याचा वेग रक्तात शंभर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडतानाच ही मर्यादा ओलांडून बसलेला असतो. सकाळी सहाला, संगमेश्वर अजून यायचं असताना, त्याचे 24 तास भरतात आणि अवस्था 100 मिलिग्रॅमवाल्यासारखी होते. नाक्यावरचा हवालदार तोंडाला यंत्र लावेल, यंत्र शून्य दाखवेल, गाडी पुढे जाईल.

त्यात रात्री दोन ते सकाळी सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात गाढ झोपेची. तेव्हा डुलकी विचारून येत नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ 90 मीटर पुढे जाते, तीही कुणी चालवत नसताना. 19 मार्च 2013 रोजी खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खासगी बस नदीत कोसळली आणि 37 माणसं गेली, ती पहाटे तीनच्या सुमारास. जानेवारी 2023 मध्ये माणगावजवळ रेपोली इथे गुहागरकडे निघालेली गाडी आणि ट्रक यांची धडक झाली, घरातली माणसं एकदम गेली, ती पहाटे पाचच्या सुमारास. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतील. वेळ मात्र बघा.

वडखळपासून माणगावपर्यंत कुठल्याही टपरीवर गणपतीच्या आदल्या रात्री साडेतीनला उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांनी दिसतं. गाडी थांबते, चालवणारा उतरतो, बाटलीतलं पाणी तोंडावर मारतो, कटिंग घेतो, मानेला दोन हिसके देतो. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर पोर झोपलेलं. मागे चौघं एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली. त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर आरतीचं ताट, समई, झांजा, वर सोसायटीत कुणीतरी दिलेली मिठाई. बाजूचा विचारतो, "काय रे, झोप येतेय का?" उत्तर ठरलेलं, "छे, एकदम फ्रेश." चहाने तरतरी वाटते, पाण्याने गारवा येतो, खिडकी उघडून गाणी मोठ्याने लावली की पाच मिनिटं बरं जातं. झोपेवर मात्र झोपेशिवाय औषध नाही. जांभया थांबेनात, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी कडेच्या पट्ट्यावर चढू लागली, की पंप किंवा हॉटेलच्या आवारात गाडी लावा आणि वीस मिनिटं खुशाल झोपा. त्यात कसली लाज?

"रात्री रस्ता मोकळा असतो," हा युक्तिवाद एरवी ठीक. गणपतीच्या शुक्रवारी तो चालत नाही, कारण त्या रात्री सगळ्यांनीच तो केलेला असतो. शिवाय हा रस्ता मुंबई-गोवा महामार्ग आहे. चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि मुदतीवर मुदती उलटल्या. सिमेंटच्या चौपदरीवरून गाडी सुसाट येते आणि काम राहिलं असेल तिथे अचानक जुन्या दुपदरीवर उतरते, समोरून दिवे अंगावर येतात, खाली चिखल, वर भाद्रपदातला पाऊस. याचा जाब सरकारला आणि ठेकेदाराला विचारायलाच हवा आणि दरवर्षी विचारायला हवा. पण त्या रात्री त्या वळणावर आपण आहोत की नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मग जायचं कसं? शुक्रवारी लवकर जेवून नऊ-दहाला झोपा, शनिवारी चार-पाचला निघा. अवघड टप्पे उजेडात पडतील. सिंधुदुर्ग गाठायचं असेल आणि चालवणारा एकटाच असेल, तर महाड किंवा चिपळूणला मुक्काम करा. कुणीतरी मामा, मावशी, मित्र त्या वाटेवर असतोच. एरवी त्यांच्याकडे जाणं होत नाही, या निमित्ताने होईल. चिपळूणकरांना साताऱ्याच्या बाजूने कुंभार्ली घाट, कणकवलीकरांना कोल्हापूरहून फोंडा घाट, सावंतवाडीकरांना आंबोली, हे रस्ते आहेत. निघण्यापूर्वी घाट चालू आहे ना, एवढं विचारून घ्या. दर दोन तासांनी थांबा. टायरची नक्षी झिजलेली असेल, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून उपयोग नाही; वायपरचं रबर आणि टायर याच आठवड्यात बघून घ्या.

आता गावाकडच्या मंडळींना विनंती. मुंबईकर निघाला की तुमचा फोन सुरू होतो, "खंयसर इलास रे?" (कुठवर आलास?) मायेपोटीच असतं ते. पण दर अर्ध्या तासाने विचारलेल्या त्या प्रश्नाने पोराचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, आणि फोन घ्यायला एक हात स्टिअरिंगवरून सुटतो. विचारायचंच असेल तर शेजारी बसलेल्या सुनेला विचारा. मूर्ती चित्रशाळेतून आणायला, मूर्तीवर फळा-फुलांची माटोळी बांधायला गावात माणसं आहेत. पूजा सोमवारी आहे. मुलगा शनिवारी दुपारऐवजी संध्याकाळी पोचला, तर बाप्पा रुसत नाही. उलट आजच फोन करून त्याला सांगा, "बाबा, रात्रीचा निघू नको." बायकोने सांगितलेलं तो हसण्यावारी नेईल, मित्राचं ऐकणार नाही; आईचा शब्द मोडताना मात्र दहादा विचार करेल.

साहेब, शेठ, मॅनेजर यांनाही एक मागणं आहे. शुक्रवारी कोकणातल्या माणसाला दुपारी चारला सोडा. त्या दोन-तीन तासांत तुमची कंपनी बुडत नाही, त्याची झोप मात्र होते.

भाड्याची गाडी ठरवणाऱ्यांनी चालकाला दर विचारताना आणखी एक प्रश्न विचारा, "दादा, काल रात्री कुठे होता?" गणपतीच्या आठवड्यात गाडीमालक एकाच माणसाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावतात. सावंतवाडीहून सकाळी परतलेला रात्री पुन्हा राजापूरला निघतो. तो नाही म्हणू शकत नाही, कारण वर्षाची कमाई याच दिवसांत. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. मंडळं, नगरसेवक, आमदार मोफत बसगाड्या सोडतात, त्यांचं कौतुक आहेच. बॅनरवर फोटो एक कमी लावा, बसमध्ये चालक दोन द्या.

आणि मागच्या सीटवरचा पट्टा. आपल्याकडे नव्या गाडीला सीट कव्हर घालतात तेव्हा मागच्या पट्ट्यांची कुलुपं कव्हरखाली गाडली जातात आणि गाडी विकेपर्यंत वर येत नाहीत. पुढे तर पट्टा न लावता बीप बंद करायला नुसतं बक्कल खोचून ठेवणारे महाभाग आहेत. 4 सप्टेंबर 2022, गणपतीचेच दिवस. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघं, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दगावले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. उत्तमातली उत्तम गाडी होती ती. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीत त्या एका वर्षी पट्टा न लावलेल्या 16,715 जणांचे मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले जवळजवळ निम्मे, 8,331, चालक नव्हते, नुसते बसलेले होते. मागे पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी लावू नका. आज संध्याकाळी खाली जा, कव्हर उचला, कुलुपं बाहेर काढा. ज्या सीटवर पट्टा नाही त्या सीटवर माणूस नको. सात जणांच्या गाडीत दहा नकोत.

लहान मूल पुढे मांडीवर घेऊ नका. 50 च्या वेगात धडक बसली तर दहा किलोचं मूल त्या क्षणी अडीच-तीनशे किलोंच्या ओझ्यासारखं पुढे फेकलं जातं. ते कुठल्याच आईच्या हातांना पेलणारं नाही. फळीवरची समईही तशीच सुटते. जड वस्तू डिकीत, खाली. दुचाकीवरून जाणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: इतका लांबचा प्रवास पावसात बायको-पोराला मागे घेऊन करू नका. एसटीच्या जादा गाड्या आहेत, कोकण रेल्वे आहे. जायचंच झालं तर हेल्मेट मागच्यालाही.

वाटेत अपघात दिसला तर व्हिडिओ काढत उभे राहू नका. 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चं त्याला संरक्षण आहे. केंद्राच्या 2025 च्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. हे ठाऊक असलेला एक माणूस तिथे असला, तर एखादा जीव वाचतो.

परतीचं तर बोलतच नाही कुणी. गौरीचं जागरण, रात्र-रात्र भजन, फुगड्या, मग विसर्जन, आणि त्याच रात्री "सकाळी ड्युटी आहे" म्हणून गाडी काढायची. येतानाच्या रात्रीपेक्षा ही रात्र वाईट, कारण थकवा आठवड्याचा असतो आणि निरोपाने मनही जड असतं. परतीची तारीख ठरवतानाच एक दिवस जास्तीचा धरा. रजेचा अर्ज अजून दिला नसेल तर त्यात तो दिवस आत्ताच लिहा.

हे वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या घरातली, भावकीतली, मित्रांतली जी गाडी कोकणात निघणार आहे, ती चालवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा, "किती वाजता निघणार?" उत्तर "शुक्रवारी रात्री" असं आलं, तर त्याच फोनवर ते "शनिवारी पहाटे" करून घ्या. तो ऐकेपर्यंत फोन ठेवू नका.