अंगणांतील दूर्वा

गतवर्षीं श्रावणांत आमच्या अंगणांतील हिरवळींत तण माजलें, म्हणून मीं तणनाशकाची फवारणी करविली. गणेशचतुर्थीस सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, ह्या दूर्वा देवाला वाहाव्या का?” मला उत्तर देतां येईना. अखेर दूर्वा बाजारांतून आणविल्या. जें देवास वाहण्यास मन कचरतें, त्यावर नातवंडांस लोळूं कसें द्यावें?

तेव्हांपासून फवारणी बंद केली. लव्हाळा खुरप्यानें जमिनींतील गांठींसकट काढावा, नुसता वरून उपटल्यास तो पुनः फुटतो. गाजरगवत फुलण्यापूर्वींच, हातमोजे घालून उपटावें. हिरवळ एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक छाटूं नये, आणि कापलेलें गवत तेथेंच पसरूं द्यावें. तें कुजून जमिनीस नत्र परत मिळतें. रोज पाणी शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून एकदोन वेळां सकाळीं मुरेपर्यंत द्यावें, म्हणजे मुळें खोल जातात. हरळी, म्हणजेच आपली दूर्वा, वैशाखांत पिवळी पडली तरी घाबरूं नये. तिचीं भूमिगत कांडें जिवंत असतात व मृगाच्या सरींनीं ती पुनः हिरवी होते.

यंदा एकवीस दूर्वांची जुडी सूनबाईंनीं अंगणांतूनच खुडून आणली. मला कांहीं विचारलें नाहीं.