विश्लेषण : समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवताना मालवाहू जहाज इतके महत्त्वाचे का ठरते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने नौदलासाठी ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ म्हणजेच एलपीडी जहाजांच्या खरेदीला प्राथमिक मंजुरी दिली. त्याच बैठकीत नाग क्षेपणास्त्र प्रणालीही मंजूर झाली आणि मथळ्यात अर्थातच क्षेपणास्त्र शोभून दिसते. सैनिक, रणगाडे, पाणी, इंधन आणि दारूगोळा किनाऱ्यावर पोहोचवणारे जहाज सहसा बातमीच्या तळाशी राहते. पण या जहाजांचा इतिहास पाहिला, तर अनेक मोहिमांचे भवितव्य त्यांच्याच पोटात ठरलेले दिसते.

‘अटॅक कार्गो शिप’ म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ही वेगळी जातच तयार केली. दिसायला साधे व्यापारी जहाज, पण डेकवर वीसेक लँडिंग क्राफ्ट, त्या पाण्यात सोडण्यासाठी दणकट क्रेन आणि विमानविरोधी तोफा. बंदर शत्रूच्या ताब्यात असल्याने धक्का मिळणार नाही, हे गृहीत धरूनच त्यांची रचना होती. १ फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांना ‘एकेए’ हे स्वतंत्र वर्गनाव मिळाले आणि युद्ध संपेपर्यंत अशी १०८ जहाजे तयार झाली. सरासरी काढली तर आठ दिवसांना एक!

त्यांतील अनेकांना तारे आणि तारकासमूहांची नावे होती. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर ‘आर्क्टुरस’ म्हणजे स्वाती, ‘अँड्रोमेडा’ म्हणजे देवयानी आणि ‘व्हर्गो’ म्हणजे कन्या रास. या ‘व्हर्गो’वर थॉमस हेगन नावाचा अधिकारी होता. खऱ्या लढाईपासून दूर, माल वाहण्यात आयुष्य चालले आहे, अशी चरफड असलेल्या नौसैनिकांवर त्याने १९४६ मध्ये ‘मिस्टर रॉबर्ट्स’ ही कादंबरी लिहिली. मालवाहू जहाजाला कमी लेखण्याची सवय खुद्द त्यावरील खलाशांनाही होती, ती अशी.

माल भरण्यात एवढे काय विशेष?

घर हलवताना गॅसची शेगडी आणि चहाचे भांडे टेम्पोत सर्वात आधी, म्हणजे सर्वात आत गेले, तर नव्या घरी पहिला चहा रात्री मिळतो. जहाजाचे गणितही तेच. शेवटी आत गेलेले आधी बाहेर येते. व्यापारी जहाज भरताना एकही कोपरा रिकामा न सोडणे हे कौशल्य असते. लढाईसाठी भरताना मात्र काही जागा मुद्दाम वाया घालवावी लागते, कारण दारूगोळा, पाणी, औषधे आणि वायरलेस संच हवे तेव्हा हाती लागले पाहिजेत. याला ‘कॉम्बॅट लोडिंग’ म्हणतात.

हा धडा महागात शिकला गेला. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेवर निघालेली ब्रिटिश जहाजे इतकी अस्ताव्यस्त भरली होती, की ती अलेक्झांड्रियाला नेऊन पुन्हा भरावी लागली. दरम्यान तुर्की सैन्याला किनाऱ्यावर मोर्चेबांधणीसाठी मोलाचे आठवडे मिळाले.

ग्वाडालकॅनालमध्ये काय घडले?

जुलै १९४२. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बंदरात अमेरिकी मरीन सैनिक स्वतःच हमाली करत होते. अमेरिकेतून व्यापारी पद्धतीने भरून आलेली जहाजे रिकामी करून लढाईच्या क्रमाने पुन्हा भरायची होती. वर मुसळधार पाऊस. पुठ्ठ्याची खोकी भिजून फाटली आणि धक्क्यावर खाद्यपदार्थांचा चिखल झाला.

७ ऑगस्टला सैनिक ग्वाडालकॅनाल बेटावर उतरले. सुरुवातीला प्रतिकार जवळपास नव्हताच, तरीही किनाऱ्यावर मालाचे ढीग साचले, कारण ते उचलून आत न्यायला पुरेशी माणसे नव्हती. लँडिंग क्राफ्ट माल घेऊन येत आणि रिकामे व्हायची वाट पाहत थांबत. त्या काळचे नेहमीचे लँडिंग क्राफ्ट एका वेळी ३६ सैनिक किंवा साधारण साडेतीन टन माल नेई. म्हणजे हजार टनांसाठी पावणेतीनशेहून अधिक फेऱ्या! एकेक फेरी अर्धा तास रखडली, तर काय होईल हे सांगायला गणितज्ञ नको.

८ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी ताफ्याने हल्ला चढवून दोस्तांच्या चार क्रूझर बुडवल्या. पण जपानी अ‍ॅडमिरल मिकावा जवळच उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांना हात न लावता परतला. लढाऊ जहाजे बुडवली की विजय, हाच हिशेब त्यामागे दिसतो. ती मालवाहू जहाजे त्या रात्री बुडाली असती, तर बेटावरच्या सुमारे ११ हजार मरीनचे काय झाले असते? ९ ऑगस्टला ही जहाजे बराच माल पोटात ठेवूनच निघून गेली, तेव्हा सैनिकांना दिवसाला दोन जेवणांवर यावे लागले आणि जपान्यांनी मागे सोडलेला तांदूळ शिजवावा लागला.

भाड्याच्या जहाजावर भागत नाही का?

भागते, पण किंमत मोजून. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे कंटेनर जहाज ताब्यात घेतले. त्यावर शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारी साधने नव्हती. २५ मे रोजी ‘एक्झोसेट’ धडकले, कप्तानासह १२ जण गेले आणि तीन चिनुक हेलिकॉप्टर जळाली. चौथे हवेत होते म्हणून वाचले. सैनिकांना ओझी पाठीवर घेऊन बेट पायी तुडवावे लागले.

भारताचा अनुभवही सुखद नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पळणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवण्यासाठी कॉक्स बाजारजवळ फौज उतरवण्याचे ठरले. उभयचर युद्धाचे प्रशिक्षण नसलेले गुरखा जवान ‘विश्व विजय’ या व्यापारी जहाजाने आणले गेले आणि समुद्रातच ‘घडियाल’ व ‘गुलदार’ या नौदलाच्या जहाजांवर चढवले गेले. किनाऱ्याआधीच वाळूचा दांडा लागला. त्यापुढे पाणी खोल होते. समोर शत्रू नसतानाही जवान बुडाले.

भारताकडे सध्या काय आहे?

एलपीडी एकच, ‘आयएनएस जलाश्व’. अशा जहाजाच्या मागील भागात पाणी भरता येते, त्यामुळे लादलेली लँडिंग क्राफ्ट क्रेनविना थेट बाहेर पडतात. ‘जलाश्व’ २००७ मध्ये भारतीय नौदलात आले, पण मुळात ते १९७१ मध्ये अमेरिकी सेवेत दाखल झालेले ‘ट्रेंटन’ आहे. करोनाकाळात मालदीवमधून ६९८ भारतीयांना एका खेपेत आणणारे जहाज हेच. त्याला सोबत म्हणून चार एलपीडी घेण्याची योजना अनेक वर्षे रखडली आणि २०२० मध्ये निविदाच मागे घेण्यात आली. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप सांभाळणाऱ्या देशाने पन्नाशी ओलांडलेल्या एका जहाजावर विसंबून राहणे, हे काटकसरीचे लक्षण मानता येणार नाही.

प्राथमिक मंजुरीनंतर निविदा, चाचण्या, किंमत वाटाघाटी आणि मग बांधणी असा लांबचा रस्ता आहे. तोवर करण्यासारखे एक काम मात्र निविदेवर अडलेले नाही. आपत्कालात ज्या व्यापारी जहाजांवर भिस्त ठेवायची, ती आधीच हेरून ठेवणे, लष्कराच्या तुकड्यांसह त्यांवर माल भरण्या-उतरवण्याचा सराव नियमित घेणे आणि कोणत्या किनाऱ्यासमोर वाळूचा दांडा आहे याचे नकाशे त्यांच्या कप्तानांपर्यंत पोहोचवणे.