शिडावर श्रीमंतांचीच मालकी का?

चार मित्र, एक कुत्रा, शिडाची होडी आणि या बेटावरून त्या बेटावर चाललेला महिनोन्महिन्यांचा प्रवास. असे व्हिडिओ आज ठाकुर्ली-डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या पाहिले जातात आणि ते आपल्यासाठी नाहीच, असे गृहीत धरून पुढे सरकवले जातात. बेटे म्हणजे थायलंड, मालदीव. आपल्या वाट्याला फार तर अंदमानची सहल, तीही विमानाने. या समजुतीमुळे आपले नुकसान होत आहे, असे माझे ठाम मत आहे. होडी हाकणे ही शिकण्याची विद्या आहे आणि तिला लागणारे बहुतेक सगळे आपल्याकडे आहे. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा लाभला आहे. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे आणि पहाटे जमिनीकडून सुटणारे मतलई वारे आपण शाळेत पाठ केले, पण ते शिडात भरलेले फार थोड्यांनी अनुभवले. खांदेरी, उंदेरी, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही सगळी पाण्यातली ठाणी एकाच किनाऱ्यावर ओळीने उभी आहेत. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वारसा म्हणून त्यांचा अभिमान बाळगताना तिथवर स्वतः होडी नेण्याची विद्या मात्र आपण सोडून दिली.

या विद्येची सुरुवात उल्हास खाडीवर व्हावी, असे म्हणण्याला आधार आहे. ठाकुर्ली सोडून गाडी कल्याणकडे निघाली की डाव्या हाताला तिवरांआड जे पाणी दिसते, त्याच पाण्यावर पहिल्या शतकातले कल्याण बंदर वसले होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांना दाने देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीकाठी जहाजबांधणीला हात घातला. त्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला माणसांसह कामावर घेतले. पुढे ती मंडळी पळून गेली, तरी आरमार उभे राहिले, कारण तोवर इथल्या माणसांनी काम आत्मसात केले होते. बाहेरून विद्या आणावी आणि ती इथल्या हातांत रुजवावी, हे धोरण या गावांना नवे नाही. मोटागाव, कुंभारखाणपाडा, कोपर, चोळे इथल्या आगरी-कोळी घरांना भरती-ओहोटी अजूनही कळते. खाडीत कुठे गाळ चढला आहे आणि कुठे खोली आहे, हे सांगायला त्यांना नकाशा लागत नाही. शिकवणारे पहिले गुरुजी त्यांच्यातूनच घ्यायला हवेत.

पहिला आक्षेप पैशांचा असतो: हे श्रीमंतांचे खेळ, ठाकुर्लीच्या नोकरदाराने होडीचे नाव काढू नये. इतिहास वेगळे सांगतो. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली होडी ‘सुहेली’ जेमतेम 32 फुटांची. ती 1960 च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. ती हाकणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजांवरचे तरुण अधिकारी होते. 1969 च्या त्या विक्रमाआधी भाऊ आणि एका मित्राला सोबत घेऊन ते याच होडीतून मुंबईहून इंग्लंडला निघाले. वाटेत पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत नोकरी करून ते पुढे गेले. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून भारतीयांची पहिली एकट्याची प्रदक्षिणा पूर्ण केली, ती गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. म्हणजे होडी बांधणारे हातही याच किनाऱ्यावर आहेत. मला सर्वांत बोलके वाटते ते मध्य प्रदेशाचे उदाहरण. त्या राज्याला समुद्र नाही. तरीही भोपाळच्या बड्या तलावावर सरकारने शिडाच्या होड्यांची शाळा चालवली आणि तिथे शिकलेल्या हर्षिता तोमरने 2018 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, तर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने, नेहा ठाकूरने, 2023 च्या हांगझोऊ स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. शेतकऱ्याची मुलगी तलावावर शिकून आशियात दुसरी येऊ शकते, तर खाडीकाठच्या मुलीला अडवणारी गोष्ट गरिबी नसून धोरण आहे.

मित्रांचे आणि कुत्र्याचे काय? व्हिडिओतला हाच भाग सर्वांना गोड वाटतो आणि खरी जबाबदारीही तिथेच कळते. मध्यम आकाराच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर तरी गोडे पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. फायबरचे तळपते डेक त्याचे पंजे भाजते. त्याला पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट हवे, म्हणजे पाण्यात पडला तर एका हाताने उचलता येतो. त्याला उतरवायचे कुठे, हा प्रश्न तर आणखी गंभीर. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती उकरणाऱ्यांत कुत्री असतात. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळ्या आणि सुरय पक्षी घरटी करतात. अंदमान आणि लक्षद्वीप ही रेबीजमुक्त बेटे मानली जातात, तिथले लोक बाहेरच्या कुत्र्याबद्दल सावध असतील तर ते योग्यच आहे. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून सुमारे 32 चौरस किलोमीटर, गोडे पाणी मोजकेच, आणि कसाही टाकलेला नांगर शतकांची पोवळी मोडतो. ज्याने आधी होडीवरचे पाणी, कचरा आणि सोबत्यांची पाळी यांचा हिशेब शिकून घेतला आहे, त्यानेच बेटांवर जावे. मित्रांची मैत्रीही रात्रीच्या पाळीला कोण जागतो यावरच टिकते. हे सारे शिकायला जागा लागते.

ती जागा म्हणजे खाडी. खाडी घाण आहे, हा दुसरा आक्षेप खरा आहे. वालधुनी नदीचे आणि कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचा मैला, रेती उपसणारे सक्शन पंप यांनी उल्हासची दैना केली. ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर हरित लवादाने 2015 मध्ये मोठा दंडही ठोठावला. पण ज्या पाण्यात कोणाचे मूल रोज उतरते, त्या पाण्यावर आईबापांची नजर राहते. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, ते पाणी गटार होते. म्हणून आधी स्वच्छता, मग होड्या, असा क्रम लावून दोन्ही गोष्टी लांबणीवर टाकू नयेत. पाण्याचा दर्जा तपासून, सुरक्षित टप्पा आखून सुरुवात करता येईल. तिसरा आक्षेप पुलांचा: उंच डोलकाठीची होडी इथून समुद्रापर्यंत जाणार नाही. बरोबर, आणि तशी गरजही नाही. शिकण्याच्या छोट्या होड्या सात-आठ फुटांच्या असतात. खाडी ही त्यांची शाळा, पुढचा टप्पा मांडव्याचा आणि मग खांदेरीचा. चौथा आक्षेप जिवाचा. डिसेंबर 2024 मध्ये मुंबई बंदरात ‘नीलकमल’ बोटीच्या अपघातात 15 जण गेले. पाण्यापासून लोकांना दूर ठेवून असे मृत्यू टळत नाहीत, कारण लोक बोटीत बसतातच. जॅकेट मागून घेणारा, गर्दी झालेल्या बोटीत चढायला नकार देणारा प्रवासी तयार व्हायला पाण्याची ओळख लागते.

कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला आहे आणि डोंबिवलीच्या जेट्टीचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. त्या आराखड्यात प्रवासी धक्क्याशेजारी होड्या पाण्यात सोडण्यासाठी एक उतार, एक शेड आणि महापालिका शाळांतल्या मुलांसाठी राखीव जागा आताच मांडून घ्याव्यात. सिमेंट पडल्यावर हे होत नाही. ठाकुर्ली, डोंबिवली आणि कल्याणच्या नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाला हा प्रश्न या महिन्यातच लेखी विचारावा.